हरलेल्या डावाची नोंद

मराठी गद्याच्या आद्य चरित्रग्रंथात, अगदी आरंभीच्या भागात, एक हरलेला डाव आहे. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरपाळदेव जुगारात मोठी रक्कम हरतो. जिंकणारे पैशासाठी तगादा लावतात. तो घरी येऊन पत्नी कमळाइसेकडे तिचे दागिने मागतो आणि ती नकार देते. देणे पुढे वडील फेडतात. परंतु त्या नकाराने मुलाचे मन संसारातून उठते ते उठतेच. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घर सोडतो आणि वऱ्हाडात रिद्धपुरास येऊन पोचतो. तेथे त्याची गोविंदप्रभूंशी भेट होते आणि महाराष्ट्र ज्यांना चक्रधरस्वामी म्हणून ओळखतो त्यांच्या चरित्राला दिशा मिळते. ‘लीळाचरित्रा’च्या ‘एकांक’ या भागातील हा प्रसंग मराठीच्या विद्यार्थ्यांना नवा नाही.

आम्हीही तो वर्षानुवर्षे शिकवत आलो. ‘चक्रधरांच्या विरक्तीचे कारण’ म्हणून विद्यार्थी तो उत्तरपत्रिकेत लिहीत आणि आम्ही ठरलेले गुण देत असू. त्या प्रसंगातला डाव मात्र आमच्या डोळ्यांआड राहिला. एरवी खेळ संपला की माणूस सोंगट्या गोळा करून उठतो. येथे पटावरचा निकाल घरात शिरला आणि त्याने एका माणसाचे पुढचे आयुष्य बदलले. हे आमच्या लक्षात यायला आम्हांला फार वेगळ्या वाटेने जावे लागले. ती वाट म्हणजे फावल्या वेळात खेळलेले कथाप्रधान व्हिडिओ गेम. साहित्याच्या चर्चेत हा विषय काही वाचकांना पोरकट वाटेल याची आम्हांला कल्पना आहे. आम्हांलाही तो बरीच वर्षे तसाच वाटत होता, आणि त्यापायी आमच्या हातून एक चूक घडली. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहिला आहे. परंतु प्रथम थोडा इतिहास.

*

1990 नंतरच्या दशकात अमरावतीत संगणकाचे क्लास निघू लागले. आमचा क्लास राजकमल चौकापासून फार लांब नव्हता. चपला बाहेर काढून थंडगार खोलीत शिरायचे, तासभर आज्ञावली घोकायच्या आणि सर खूश असतील तर शेवटची पंधरा मिनिटे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळायचा, असा तेथला शिरस्ता होता. जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणाने 1989 साली हा खेळ प्रसिद्ध केला. धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याने चित्रीकरण केले होते आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली एकेक करून रेखाटल्या होत्या. त्यामुळे त्या इवल्याशा आकृतीला खऱ्या माणसाचे वजन होते. कड्याला लोंबकळलेला राजपुत्र पाहताना आपलीच बोटे आवळली जात.

कथा म्हणावी तर दोन वाक्यांची. दुष्ट वजिराने राजकन्येला एका तासाची मुदत दिली आहे. तळघरात डांबलेल्या नायकाने त्या तासात तिच्यापर्यंत पोचायचे. संवाद जवळजवळ नाहीतच. तरीही त्या खेळात एक गोष्ट सांगितली गेली आहे आणि ती शब्दांनी सांगता आली नसती, असे आमचे आजचे मत आहे. चौथ्या टप्प्यात वाटेत एक आरसा येतो. त्यातून उडी मारल्यावाचून गत्यंतर नसते. आणि उडी मारताच नायकाची सावली आरशातून दुसऱ्या बाजूला बाहेर पडते व निघून जाते, नायकाची बहुतेक सारी शक्ती हरपते. पुढे ही सावली अधूनमधून आडवी येते. बाराव्या टप्प्यात ती तलवार उपसून समोर उभी राहते. आजवर समोर आलेल्या प्रत्येकाला मारत आलेला खेळणारा सवयीने वार करतो, आणि तिला लागलेली प्रत्येक जखम आपल्यालाच होते. तिला ठार केले तर आपणही मरतो. उपाय एकच: तलवार म्यान करायची आणि तिच्याकडे चालत जायचे. मग दोघे एक होतात.

आमच्या आठवणीप्रमाणे हे कोडे सुटले ते दिवाळीच्या सुटीत. अकोल्याचे आमचे मामेभाऊ आमच्याकडे आले होते; त्यांना आम्ही ‘भाऊ’ म्हणतो. आम्ही तिसऱ्यांदा मेल्यावर खुर्चीमागे उभे असलेले भाऊ म्हणाले, “काहून मारतं बे त्याले? तलवार ठेव अंदर. थो तूच हायेस.” पुढे साहित्यशास्त्रात अनुभवाचे अद्वैत वगैरे बरेच वाचले, पण एखाद्या कृतीतून अर्थ उलगडणे म्हणजे काय, याचा पहिला धडा आम्हांला मिळाला तो त्या वाक्यातून.

*

त्यानंतरच्या पाचसात वर्षांत खेळ क्लासमधून बाहेर पडले. अमरावती-अकोल्याच्या गल्लीबोळांत नेट कॅफे झाले. तासाला ठरावीक पैसे मोजायचे, पडद्याआडच्या फळकुटावर दोघांनी एका खुर्चीत बसायचे. सुटीत आम्ही बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला मामांकडे जात असू आणि भाऊंबरोबर टिळक रोडच्या बाजूला एका कॅफेत दुपारी घालवत असू. ‘प्रोजेक्ट आयजीआय’ (2000), ‘मॅक्स पेन’ (2001), ‘व्हाइस सिटी’ (2002) हे त्या काळाचे खेळ. यांपैकी पहिल्याची एक खोड त्या पिढीतील कोणीही सांगेल: मोहीम अर्धी झाली असता ती जपून ठेवण्याची सोय त्यात नव्हती. मेलात की पुन्हा पहिल्यापासून. नॉर्वेतील कर्त्यांनी ती अट कोणत्या हेतूने ठेवली असेल ती असो. वऱ्हाडात तिला भारनियमनाची जोड मिळाली. तासभर कुंपणाआडून सरपटत शेवटच्या इमारतीपर्यंत पोचावे आणि नेमकी वीज जावी! काळ्या पडलेल्या पडद्यासमोर कॅफेभर एकच उसासा उठे. मग सगळे बाहेर ओट्यावर येऊन बसत आणि वीज येईपर्यंत, कोण कुठवर पोचला होता, हे एकमेकांना सांगत.

आम्हांला आज त्या खेळांपेक्षा ओट्यावरचे हे सांगणे महत्त्वाचे वाटते. त्याचे कारण भाषेत आहे. ‘मॅक्स पेन’ हा खेळ कथेच्या दृष्टीने महत्त्वाकांक्षी. नायक आपल्या शोकांताची हकीकत शेवटाकडून मागे जाऊन स्वतः निवेदन करतो, मध्ये चित्रकथेच्या चौकटी येतात. पण ते सारे इंग्रजीत, आणि तेही अमेरिकी उच्चारांत. आमच्यातले बहुतेक जण मराठी शाळांतले. निवेदन सुरू झाले की आम्ही कळ दाबून ते पुढे ढकलत असू. म्हणजे लेखकाने लिहिलेली कथा आम्ही वाचलीच नाही. उरले ते आमचे धावणे, लपणे, मारणे, मरणे. त्यावर आम्ही ओट्यावर बसून आमची कथा रचली, वऱ्हाडीत. कोणाच्या कथेत नायकाच्या बायकोला मारणारा त्याचाच साहेब होता, कोणाच्या कथेत भाऊ. एकाच खेळाच्या पाच कथा झाल्या आणि त्या पाचही जण छातीवर हात ठेवून खऱ्या म्हणून सांगत.

ते कॅफे आता नाहीत. तेथे मोबाइलची दुकाने झाली किंवा झेरॉक्सची. त्या पाच कथा कोणी लिहून ठेवल्या नाहीत. खेळ आजही संग्राहकांकडे मिळेल; पण वऱ्हाडातल्या पोरांनी त्याचे काय केले, हे त्या तबकडीत नाही.

*

आता चुकीबद्दल.

2016 साली आम्ही पदवीच्या वर्गाला कथनमीमांसा शिकवत होतो. ‘आपल्या आवडीच्या एका कथात्म कृतीतील निवेदन व पात्रांची निवड’ असा स्वाध्याय दिला होता. दर्यापूरकडच्या, कापसाची कोरडवाहू शेती असलेल्या घरातल्या एका विद्यार्थ्याने दीड पान लिहून दिले. त्याने निवडलेली कृती होती ‘धिस वॉर ऑफ माइन’.

हा खेळ पोलंडच्या ‘इलेव्हन बिट स्टुडिओज’ने 2014 साली काढला. 1992 ते 1996 या काळातील सारायेव्होच्या वेढ्याची प्रेरणा त्यामागे आहे. युद्धावरचा खेळ असून त्यात आपण सैनिक नसतो. पडक्या घरात आसरा घेतलेले तिघे नागरिक आपल्या हाती दिलेले असतात. त्यांपैकी एक फुटबॉलपटू, एक स्वयंपाकी, एक वार्ताहर. दिवसा चूल पेटवायची, खिडक्यांना फळ्या ठोकायच्या, आजाऱ्याला झोपवायचे. रात्री एकाला अन्न आणि औषधे शोधायला बाहेर धाडायचे. शहरात एका ठिकाणी म्हातारे जोडपे राहते. त्यांच्याकडे अन्न आहे, औषधे आहेत, आणि प्रतिकार करण्याचे बळ नाही. म्हातारा मागे मागे येऊन विनवतो, इतकेच. चोरी केली तर खेळ आपल्याला अडवत नाही, गुण कमी करत नाही. फक्त घरी परतल्यावर आपली माणसे खिन्न होतात, बोलेनाशी होतात, कामाला हात लावत नाहीत.

विद्यार्थ्याने लिहिले होते की त्याने ती औषधे आणली. मोबाइलवर, रात्री, घरातले सगळे झोपल्यावर. आणि मग चार दिवस तो खेळ त्याने उघडला नाही. पुढे त्याने आणखी एक परिच्छेद लिहिला होता. नापिकीच्या एका वर्षी त्याच्या वडिलांनी शेजारच्या एकट्या म्हातारीकडून उसने पैसे आणले होते आणि ते परत करणे बराच काळ जमले नव्हते. वडील त्या काळात घरासमोरच्या रस्त्याने न जाता मागल्या बाजूने शेतात जात. ‘बाबा तसे का जात, ते मला त्या खेळानंतर समजले,’ असा काहीसा त्याचा शेवट होता.

आम्ही त्या पानावर लाल शाईने लिहिले: ‘साहित्यकृती निवडावी. पुन्हा लिहून आणावे.’ त्याने पुढच्या आठवड्यात एका नामवंत कथेवर, बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकातून उतरवलेले दोन पाने आणून दिली. आम्ही त्यावर गुण दिले.

2020 च्या जूनमध्ये बातमी वाचली की पोलंड सरकारने हाच खेळ शाळांच्या पूरक वाचनयादीत घेण्याचे जाहीर केले आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी, ऐच्छिक म्हणून. परदेशातील सरकारने मान्यता दिल्याने एखादी गोष्ट साहित्य ठरते, असे आम्ही मुळीच मानत नाही. परंतु त्या बातमीने ते दीड पान आमच्यासमोर पुन्हा आले. आम्ही कपाटातले जुने स्वाध्याय उपसले. ते पान अर्थातच नव्हते. आम्हीच ते परत दिले होते. विद्यार्थ्याचा क्रमांक बदलला होता. त्या टाळेबंदीच्या दिवसांत आम्ही तो खेळ विकत घेतला आणि खेळलो. म्हाताऱ्याच्या घरातून आम्ही रिकाम्या हाताने परतलो. आमच्या घरातला आजारी माणूस तिसऱ्या दिवशी गेला. आमचे वागणे बरोबर होते असे अजूनही खात्रीने म्हणवत नाही.

*

येथे आम्हांला म्हाइंभट आठवले. चक्रधर उत्तरापंथे गेल्यानंतर त्यांचा परिवार रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिला. स्वामींच्या लीळांचे स्मरण नागदेवाचार्यांसह अनेकांच्या मनात होते. लिहिलेले काही नव्हते. ज्यांनी पाहिले ते म्हातारे होत चालले होते. म्हाइंभटांनी या साक्षीदारांना गाठून, विचारून, पडताळून, 1278 च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. लीळा म्हणजे क्रीडा, खेळ. आणि लीळा म्हणजेच ग्रंथातले एक प्रकरण. कोठे घडले, कोण समोर होते, काय विचारले, काय उत्तर मिळाले, एवढाच ऐवज. उपदेशाचा पाल्हाळ नाही. पुढे यादव राज्यावरील आक्रमणांच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली आणि स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. एकाला एक आठवले, दुसऱ्याला दुसरे. परंपरेने भिन्न आठवणींपैकी एक खरी ठरवून बाकीच्या पुसल्या नाहीत. त्या शेजारी शेजारी ठेवल्या. अशा भिन्न पाठाला महानुभाव परंपरेत ‘वासना’ अशी संज्ञा आहे. वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेली 1978 ची प्रत चाळणाऱ्याला हे ठायी ठायी दिसेल.

त्यापुढचे पाऊलही विचार करण्यासारखे आहे. केसोबासांनी लीळांतून चक्रधरांची वचने वेचून ‘सूत्रपाठ’ केला. मुनिव्यासांनी, स्वामी कोठे बसले, कोठे राहिले, याची ‘स्थानपोथी’ रचली. म्हणजे एकाच जीवनाच्या तीन नोंदी झाल्या: वचनांची, स्थानांची आणि घडलेल्या प्रसंगांची. आजच्या व्हिडिओ गेमच्या बाबतीत पहिल्या दोन नोंदी आपोआप उरतात. संवाद उरतात, नकाशे उरतात. तिसरी उरत नाही. कारण प्रसंग घडतो तो खेळणाऱ्यापाशी, दर्यापूरजवळच्या एका घरात, रात्री, सगळे झोपल्यावर. ती नोंद साक्षीदाराला विचारल्यावाचून मिळत नाही.

एका संप्रदायाच्या पूज्य ग्रंथाची करमणुकीच्या खेळाशी बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही, हे स्पष्ट करतो. साम्य आहे ते नोंद करण्याच्या पद्धतीत, आणि ती पद्धत आमच्या जिल्ह्यात साडेसातशे वर्षांपूर्वी सिद्ध झाली आहे. व्हिडिओ गेमच्या परदेशी अभ्यासाची पुस्तके आम्ही यथाशक्ती वाचली. खेळाचे नियम महत्त्वाचे की कथा, असा वाद त्यांत हिरिरीने घातलेला आहे. पण खेळणाऱ्याला गाठून ‘तू काय केलेस?’ असे विचारण्याचा आमचा धडा आम्हांला तेथे मिळाला नाही. तो रिद्धपूरला मिळाला.

या खेळांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पुष्कळसे खेळ बंदुकीपलीकडे जात नाहीत. निवडीचे स्वातंत्र्य हेही बव्हंशी आभासी असते: चार वाटा दाखवतात, आणि चारही आधी कोणीतरी आखलेल्या असतात. पण यालाही दुसरी बाजू आहे. सावलीपुढे तलवार म्यान करण्याची वाट मेकनरने आखली होती. तरी ती सापडेपर्यंत तीनदा मरावे लागले ते आम्हांला. वाट आखलेली असली तरी तीवरून चालल्याचा अनुभव उसना नसतो. एरवी कादंबरीतल्या नायकाच्या पापाबद्दल वाचकाला अपराधी वाटत नाही. त्या विद्यार्थ्याला वाटले. कथनमीमांसेच्या वर्गात यावर बोलायचे नाही तर कोठे?

भाषेचा प्रश्नही शिल्लक आहेच. पुण्यातील ‘नोडिंग हेड्स गेम्स’ने 2020 साली ‘राजी’ हा खेळ काढला. पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधणाऱ्या बहिणीची ती कथा आहे. 2021 मध्ये गोव्यातील ‘फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह’ने ‘फरगॉटन फील्ड्स’ काढला. लिहिणे अडलेला एक लेखक विकल्या जाणाऱ्या जुन्या घरी अखेरचे जाऊन येतो, एवढाच त्याचा विषय. दोन्ही आम्ही आवडीने खेळलो. परंतु ज्याची पात्रे मुळातच मराठीत विचार करतात, असा मोठ्या आवाक्याचा कथाप्रधान खेळ अजून आमच्या हाती आलेला नाही. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केसोबासांना नागदेवाचार्यांनी मराठीकडे वळवले, ही आठवण वऱ्हाडानेच जपली आहे. 2024 मध्ये रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. तेथे कधीतरी या विषयालाही एखादा कोपरा मिळावा, अशी आमची साधी अपेक्षा आहे.

तोवर आम्ही एक वही केली आहे. वर्गातील ज्यांना सांगावेसे वाटते ते येऊन सांगतात: कोणता खेळ, कोठे बसून, कोणाबरोबर, कोणती निवड केली, नंतर काय वाटले. ते ज्या बोलीत सांगतात त्याच बोलीत आम्ही लिहून घेतो. शेवटाबद्दल दोघांत मतभेद झाला तर दोन्ही लिहितो.

वहीची सुरुवात भाऊंपासून केली. अकोल्याला गेलो असता त्यांना ‘प्रिन्स’मधल्या सावलीची आठवण विचारली. त्यांच्या मते तो प्रसंग अमरावतीला घडलाच नाही. तो अकोल्याला, त्यांच्या मित्राच्या घरी घडला, खेळत होते ते स्वतः, आणि खुर्चीमागे उभे राहून तलवार ठेवायला सांगणारे आम्ही होतो. बराच वेळ वाद झाला. मामी चहा घेऊन आल्या तेव्हा थांबला. वहीत दोन्ही पाठ आहेत.

दुसऱ्या पानावर दर्यापूरकडच्या त्या विद्यार्थ्याचे दीड पान आठवेल तसे उतरवले आहे. वर दिला तो त्याचाच सारांश. त्यात आमचे शब्द किती शिरले असतील, सांगता येत नाही. खाली अर्धे पान कोरे सोडले आहे. त्याची वासना अजून मिळायची आहे.